मडी वॉटर्स : कापसाच्या मुलखातला गिटारवादक
(प्रस्तावना)

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाशी मराठी माणसाची ओळख झाली ती वाचनातून झाली, श्रवणातून फारशी झालीच नाही, आणि या एका कारणाने ती ओळख पुष्कळ अंशी एकांगी राहिली, असे माझे दीर्घकाळचे मत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्जन करीत होते, तेव्हा त्या विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेमची कृष्णवर्णीय वस्ती आकारास येत होती. पुढे १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे कृष्णवर्णीयांनी ठेवलेल्या अर्जाविषयी पृच्छा केली. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांचा दाखला त्यांनी दलित लेखकांपुढे ठेवला, नागपुरात जन्मलेल्या गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ने त्या चर्चेला घर दिले, जनार्दन वाघमाऱ्यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ सिद्ध केला, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावासकट ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाशी नाते सांगत. रिचर्ड राइट आणि जेम्स बाल्डविन यांची नावे आपल्या समीक्षेत इतकी रुळली की ती परदेशी वाटेनाशी झाली. परंतु ज्या समाजाने आपले मन ग्रंथांत लिहिण्याच्या कितीतरी आधी गाण्यात ओतले, त्या समाजाचे गाणे मात्र आपल्या दारावरून निघून गेले. प्रस्तुत ग्रंथ ही उणीव एका माणसाच्या चरित्राच्या द्वारे भरून काढू पाहतो. तो माणूस म्हणजे मिसिसिपीच्या कापूसशेतांतून शिकागोच्या कारखान्यांत आलेला गिटारवादक आणि गायक मॅकिन्ली मॉर्गनफील्ड, ज्याला जग मडी वॉटर्स या नावाने ओळखते.

नागपूरकराने तर हा विषय परका मानण्याचे यत्किंचितही कारण नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेनाशी झाली आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. हिंगणघाट, खामगाव, अमरावती ही नावे लिव्हरपूलच्या बाजारात उच्चारली जाऊ लागली. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला. १८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. युद्ध १८६५ साली संपले, भाव कोसळले, पण ज्वारीच्या जागी आलेली पऱ्हाटी शेतातून हलली नाही, आणि सावकाराची खतावणीही हलली नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्याची किंमत या मुलखाने मोजली. म्हणजे मिसिसिपीतला गुलाम मुक्त झाला त्याच हिशेबात वऱ्हाडातले कूळ जागतिक बाजाराच्या दावणीला बांधले गेले. ही दोन्ही माणसे एकमेकांना ओळखत नव्हती. त्यांच्या गाठी मात्र एकाच गोदीत उतरत होत्या.

तिकडे मुक्ती मिळाली ती कागदोपत्री. जमीन गोऱ्या मळेवाल्याची, अवजारे त्याची, खेचर त्याचे. कुळाने राबावे आणि निम्मा कापूस मालकाला द्यावा, अशी बटईची रीत पडली. वर्षभराचे पीठ, मीठ आणि कापडचोपड मळ्याच्याच दुकानातून उधारीवर उचलायचे आणि हंगामाअखेर हिशेब करायचा. हिशेब ठेवणारा मालक, वाचता न येणारे कूळ, तेव्हा बाकी कोणाच्या नावावर निघे हे आमच्या मालगुजारी मुलखातल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या मधली ही काळी, गाळाची जमीन ‘डेल्टा’ म्हणून ओळखली जाते. याच भूमीत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, शेतात काम करतानाच्या हाका, चर्चमधील भजने, तुरुंगातील बिगारी टोळ्यांची गाणी आणि फिरत्या गायकांचे पोवाडेवजा कथागान यांच्या मिश्रणातून ब्लूज नावाचा गानप्रकार सिद्ध झाला. त्याचा जन्मदिवस कोणाला सांगता येणार नाही. डब्ल्यू. सी. हँडी या बँडवाल्याने मात्र लिहून ठेवले आहे की, १९०३ च्या सुमारास टटवायलर येथील स्टेशनवर गाडीची वाट पाहत असताना एक फाटक्या कपड्यांचा माणूस गिटारीच्या तारांवर सुरीचे पाते घासत गाताना त्याने ऐकला. पुढे हँडीने १९१२ साली ‘मेंफिस ब्लूज’ आणि १९१४ साली ‘सेंट लुइस ब्लूज’ छापून आणले आणि हे रानातले गाणे शहराच्या पेठेत आले.

या गाण्याची रचना नवख्या श्रोत्यालाही अर्ध्या तासात उमगेल इतकी साधी आहे, आणि तिच्यात आयुष्य घालवलेले वादकही ती संपली असे म्हणत नाहीत. चार-चार मात्रांची बारा आवर्तने घेऊन एक कडवे पुरे होते. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. दुसऱ्यांदा ओळ येते तेव्हा शब्द तेच असले तरी खालचा स्वरसंघ बदललेला असतो, म्हणून तीच ओळ वेगळ्या उजेडात ऐकू येते. गायकाचे शब्द प्रत्येक ओळीच्या अर्ध्यातच संपतात आणि उरलेली जागा गिटारीची असते. तमाशातील झीलकरी जसा मुख्य गायकाची ओळ उचलतो, तशी ती शब्द उचलते, कधी दुजोरा देते, कधी चक्क थट्टा करते. स्वरांचे म्हणाल तर ब्लूजचा गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कोठेतरी वास करतो, आणि निषादाचीही तीच गत. पियानोच्या पट्टीत तो सापडत नाही. गिटारीच्या तारेवर बोटात घातलेल्या काचेच्या किंवा धातूच्या नळीने सरकत गेले तर सापडतो. मिंडीवर पोसलेल्या आपल्या कानाला हे परके वाटू नये. आडवी ठेवून नळीने वाजवायची गिटार आपल्याकडे रागसंगीतात केव्हाच मानाने बसली. ब्रिजभूषण काब्रांची गिटार १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त घरोघर ऐकली गेली, आणि विश्वमोहन भट्टांनी राय कूडर या अमेरिकी वादकाबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळाले. नळीची ही वाट दोन्ही दिशांनी चालती आहे.

ध्वनिमुद्रिकांचा इतिहास १९२० पासून मोजतात, कारण त्या वर्षी मेमी स्मिथ या गायिकेचे ‘क्रेझी ब्लूज’ निघाले आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाईकही पैसे मोजून तबकड्या घेते, असा साक्षात्कार कंपन्यांना झाला. त्या दशकावर स्त्रियांचे राज्य होते. बेसी स्मिथचा आवाज आजही ऐकावा. गिटार घेऊन एकटा गाणारा पुरुष नंतर आला. टेक्ससचा अंध गायक ब्लाइंड लेमन जेफरसन याची मुद्रणे १९२६ पासूनची. त्या प्रांताची गिटार मोकळी, लांब स्वरवाक्ये बोलणारी, आणि पुढे टी-बोन वॉकरच्या हाती विजेवर चालू लागलेली. पूर्व किनाऱ्याकडील पीडमाँट संप्रदायात ब्लाइंड ब्लेक आणि रेव्हरंड गॅरी डेव्हिस यांसारखे वादक अंगठ्याने खर्ज आणि बोटांनी चाल वाजवीत. ते वादन नाजूक आणि प्रसन्न आहे. डेल्टाचा संप्रदाय या सगळ्यांहून रांगडा. डॉकरी मळ्यावरचा चार्ली पॅटन, धर्मोपदेशक आणि मद्यपी अशा दोन भूमिकांत आयुष्यभर ओढाताण झालेला सन हाउस, आणि १९३६ व १९३७ साली अवघी २९ गाणी मुद्रित करून सत्ताविसाव्या वर्षी वारलेला रॉबर्ट जॉन्सन, ही त्या संप्रदायाची तीन शिखरे होत.

रॉबर्ट जॉन्सनने चव्हाट्यावर मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून कला मिळवली ही आख्यायिका इतकी लोकप्रिय आहे की तिच्यापायी जॉन्सन ऐकणाऱ्यांपेक्षा जॉन्सनची गोष्ट सांगणारे अधिक झाले. मला ती अन्यायकारक वाटते. सन हाउसच्या मागे लागून शिकलेला, तबकड्या ऐकून ऐकून तीन गिटारींचे काम एकीवर आणणारा हा तरुण मेहनती होता. गोऱ्या उस्तादाच्या बाबतीत आपण रियाज म्हणतो तिथे काळ्याच्या बाबतीत सैतान कशाला आणावा? प्रस्तुत चरित्रकाराने ही आख्यायिका दोन ओळींत निकालात काढली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मडी वॉटर्सचा जन्म १९१३ चा की १९१५ चा याविषयी दस्तऐवजांत आणि त्याच्या स्वतःच्या सांगण्यात मेळ नाही. थडग्यावर १९१५ आहे, संशोधकांचा कौल १९१३ कडे आहे. आई लवकर गेली, क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हल मळ्यावर आजीने त्याला वाढवले, आणि ओढ्याच्या चिखलात खेळण्याच्या खोडीवरून त्याचे नाव पडले. तोंडाचा बाजा आधी आला. गिटार आली ती सतराव्या वर्षाच्या सुमारास : घरातला शेवटचा घोडा विकला, पंधराएक डॉलर आले, निम्मे आजीच्या हाती दिले आणि उरलेल्यांतून अडीच डॉलरला एक जुनी स्टेला गिटार घेतली, अशी हकीकत तो स्वतः सांगे. दिवसा ट्रॅक्टर हाकावा, शनिवारी रात्री स्वतःच्याच खोपट्यात गाणे, जुगार आणि हातभट्टी यांचा अड्डा चालवावा, असे त्याचे आयुष्य चालले होते.

१९४१ च्या ऑगस्टात ॲलन लोमॅक्स हा गोरा संग्राहक, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे अवजड मुद्रणयंत्र मोटारीत घालून, त्याला शोधत आला. मडीची पहिली समजूत अशी की हा अबकारी खात्याचा माणूस असून हातभट्टीचा छडा लावायला आला आहे. मग एक लहानशी गोष्ट घडली. पाणी मागवण्यात आले आणि मडी ज्या पेल्यातून प्यायला त्याच पेल्यातून लोमॅक्सही प्यायला. मिसिसिपीतला गोरा असे कधी करीत नाही, हे मडीने लगेच ताडले आणि तो पुष्कळ वर्षांनीही ते सांगत असे. महाडच्या तळ्याचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्या वाचकापुढे या प्रसंगावर भाष्य करणे मी अनावश्यक समजतो. त्या दिवशी मुद्रित झालेले स्वतःचे गाणे ऐकताना, आपणही तबकड्यांतल्या गवयांइतकेच चांगले गातो, ही जाणीव त्याला प्रथम झाली. पुढे लोमॅक्सने दोन तबकड्या आणि २० डॉलर पाठवले. मडीने छान कपडे घालून, तबकडी हाती धरून, फोटोवाल्याकडे जाऊन आपली छबी काढून घेतली.

या प्रसंगाचा दुसरा भाग क्वचित सांगितला जातो. लोमॅक्सबरोबर जॉन वर्क हे नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातील कृष्णवर्णीय संगीतज्ञ होते. अभ्यासाची मूळ योजना पुष्कळशी त्यांचीच, गाण्यांचे स्वरलेखनही त्यांनी केले. त्यांचे हस्तलिखित मात्र दप्तरात गडप झाले आणि ग्रंथरूपाने २००५ साली प्रकाशित झाले, तेव्हा ते हयात नव्हते. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बायांची नावे-गावे टिपून ठेवण्याची दक्षता घेऊन. लोकगीतांचे संकलन करणाऱ्याने हे दोन दाखले शेजारी ठेवून पाहावेत.

१९४३ साली मडीने मुकादमाकडे तासाला साडेबावीस सेंटऐवजी पंचवीस मागितले. नकार आणि शिव्या मिळाल्या. त्याने गाडी पकडली आणि शिकागो गाठले. १९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिणेतून उत्तरेस व पश्चिमेस गेले, त्यांतला हा एक. तो निघून गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४४ च्या ऑक्टोबरात, क्लार्क्सडेलजवळच्याच हॉप्सन मळ्यावर कापूस वेचण्याच्या यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. म्हणजे तो थांबला असता तरी फार दिवस थांबता आले नसते. शिकागोत कागदाच्या कारखान्यात काम, मालमोटार हाकणे, आणि रात्री दारूच्या गुत्त्यांत गाणे. तिथल्या गोंगाटात लाकडी गिटार कोणाला ऐकू जाईना. मामाने विजेची गिटार दिली, आणि इथे या चरित्राचा कणा आहे : डेल्टाचे वादन त्याने टाकले नाही, त्याला फक्त वीज लावली. नळीचा तोच खरखरीत स्वर आता तारेतून भिंतीपर्यंत पोहोचू लागला, लांबवता येऊ लागला, आणि लांबवलेल्या स्वरात काय काय भरता येते हे त्याने शोधून काढले.

पोलंडातून आलेल्या लेनर्ड आणि फिल चेस या ज्यू बंधूंच्या कंपनीने १९४८ साली त्याची ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ ही तबकडी काढली. पहिली आवृत्ती हां हां म्हणता संपली; दुकानदार एका गिऱ्हाइकाला एकच प्रत देत होता आणि खुद्द गायकालाही त्याने एकच दिली, असे मडी हसत सांगे. पुढे लिटल वॉल्टरचा तोंडाचा बाजा, जिमी रॉजर्सची दुसरी गिटार, ओटिस स्पॅनचा पियानो आणि विली डिक्सनची गीते असा संच जमला. १९५४ चे ‘हूची कूची मॅन’ ऐका : सारा ताफा एकदम एक छोटा बोल आपटतो आणि थांबतो, त्या रिकाम्या जागेत गायकाचा एकट्याचा आवाज येतो, पुन्हा बोल, पुन्हा शांतता. तबल्याची तिहाई समेवर येऊन विसावते; इथे समेनंतरचे मौन हेच वादन आहे. त्याच शहरात त्याचा प्रतिस्पर्धी हाउलिन वुल्फ गर्जत होता, एल्मोर जेम्सची नळी कडाडत होती, आणि दुसरीकडे मेंफिसमधून निघालेला बी. बी. किंग नळीशिवाय, नुसत्या बोटाच्या कंपनाने, तोच स्वर काढत होता.

कीर्ती आली, पैसा त्या मानाने आला नाही. मडीला लिहिता-वाचता जेमतेमच येई. करारनाम्यांवर सह्या झाल्या, गीतांच्या हक्कांचा हिशेब कंपनीच्या खात्यात राहिला, आणि १९७० च्या दशकात त्यासाठी त्याला दावा गुदरावा लागला. मळ्याचे दुकान आणि कंपनीची वही यांत अंतर किती, हा प्रश्न चरित्रकाराने संयमाने पण सोडून न देता विचारला आहे. १९५८ साली तो इंग्लंडला गेला, तेव्हा तिथल्या काही रसिकांना विजेची गिटार कर्कश वाटली, कारण त्यांना खेड्यातला भोळा गायक हवा होता; पाच वर्षांनी तो लाकडी गिटार घेऊन गेला तेव्हा त्यांना विजेची हवी होती. तोवर लंडनच्या पाच पोरांनी त्याच्याच एका गाण्यावरून आपल्या संचाचे नाव रोलिंग स्टोन्स ठेवले होते. १९७७ च्या ‘हार्ड अगेन’ या तबकडीने उतारवयात त्याला पुन्हा उभे केले, आणि ३० एप्रिल १९८३ रोजी शिकागोजवळ वेस्टमाँट येथे झोपेतच त्याचे देहावसान झाले.

ब्लूज म्हणजे काळ्यांचा जलसा, असे समीकरण मांडण्याचा मोह आपल्याकडे होतो. मी तो आवरावा असे सुचवतो. आंबेडकरी जलशाला एक ध्येय आहे, श्रोत्याला जागे करून त्याला सभेकडे, शाळेकडे, दीक्षेकडे नेण्याचे. वामनदादा कर्डकांचे गाणे चळवळीचे गाणे आहे. ब्लूज उपदेश करीत नाही. त्यात बाई निघून गेलेली असते, गाडी सुटलेली असते, खिसा रिकामा असतो, आणि गाणारा फुशारक्याही मारतो. तो ‘आम्ही’ क्वचितच म्हणतो. पण ज्या समाजात काळ्या पुरुषाला साठाव्या वर्षीही ‘पोऱ्या’ म्हणून हाक मारीत, तिथे १९५५ साली ‘मॅनिश बॉय’मध्ये मडी आपण पुरुष आहोत हे एकेक अक्षर सुटे करून सांगतो, तेव्हा त्याला निराळ्या जाहीरनाम्याची गरज राहत नाही. एम्प्रेस मिलच्या साच्यावर उभे राहिलेल्या ज्या कामगारांनी या शहरात चळवळ उभी केली, त्यांच्या नातवंडांना यातला फरक आणि नाते दोन्ही कळेल.

आज हे सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. मुंबईत २०११ पासून मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव भरू लागला आणि पहिल्याच वर्षी मडीच्या छायेत वाढलेला बडी गाय तिथे वाजवून गेला. शिलाँगचा ‘सोलमेट’ हा संच देशभर गातो. आमच्या शहरातली मुलेही मोबाइलवर हे सर्व ऐकतात. ऐकणे वाढले, माहिती मात्र वेष्टनावरच्या मजकुराइतकीच राहिली, आणि मराठीत तर तेवढीही नाही. दुसरीकडे, विदर्भातल्या कापूस उत्पादकाचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुधा त्याच्या मरणाच्या बातमीत; त्याच्या गळ्यात काय आहे, हातात कोणते वाद्य आहे, याची चौकशी करायला कोणी जात नाही. कष्टकरी माणसाकडे कारागीर म्हणून, कलावंत म्हणून पाहण्याची नजर या ग्रंथात आहे आणि तिची आपल्याला निकड आहे.

ग्रंथकर्त्याने मडीच्या दुःखाचे भांडवल केलेले नाही, तसेच त्याचे दोषही झाकलेले नाहीत. बायकांशी तो जसा वागला तसे लिहिले आहे. नळी कोणत्या बोटात, तारा कोणत्या स्वरांत लावलेल्या, ध्वनिवर्धक किती चढवलेला, यांना पाने दिली आहेत, आणि संगीताची पारिभाषिक चर्चा आपल्या स्वरनामांत केली आहे, ही मी या ग्रंथाची मोठी कामगिरी समजतो. तक्रार एकच : शिकागोच्या प्रकरणांना जितका विस्तार मिळाला, तितका अखेरच्या वर्षांना मिळायला हवा होता. पुढील आवृत्तीत ती तजवीज व्हावी.

वाचकांना एकच विनंती. पहिले पान उलटण्यापूर्वी १९४१ साली स्टोव्हल मळ्यावर मुद्रित झालेले ‘आय बीज ट्रबल्ड’ ऐकावे, आणि लगोलग १९४८ चे ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ ऐकावे. गाणे एकच आहे. मधल्या सात वर्षांत त्याचे काय झाले, ते पुढे वाचावे.

नागपूर